बोडीचा तळ

बाळ व्हावं म्हणून मी आधी खर्रा सोडला, मग गावातलं घर सोडलं, आणि शेवटी बोडी बुजवली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं. तिसरीबद्दल अजून कुणी माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या भागात धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, वरच्या अंगाला अशी बोडी असते. तीन बाजूंना मातीची पाळ, चौथी बाजू उघडी, तिकडून पावसाचं पाणी उतरून आत येतं. आमची बोडी आजोबांच्या काळातली. काठ इतके उतरते की म्हशी चालत आत जायच्या आणि चालत बाहेर यायच्या. दादा आणि मी, दोघंही म्हशीची शेपटी धरून तिच्यात पोहायला शिकलो. मध्यभागी गेलं तरी मोठ्या माणसाच्या छातीच्या वर पाणी येत नसे.

वडील थकले तेव्हा त्यांनी शेताची वाटणी तोंडी करून दिली. वरची जमीन, रस्त्याला लागून असलेली, मला. खालच्या खोलगट बांध्या दादाला. बोडी वरच्या जमिनीत, म्हणजे माझ्या हिश्शात आली. वडील म्हणाले, "जागा लहान्याची. पाणी दोघाईचं." तेवढंच. आम्ही दोघांनी मान डोलावली. वडील गेल्यावर कागदपत्रं झाली तेव्हा जागेची नोंद झाली, पाण्याची झाली नाही. ती करावी असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

माझ्या वरच्या बांध्यांत हलका धान असतो. तो दिवाळीच्या आधीच कापून मोकळा होतो, त्याला बोडीचं पाणी लागत नाही. दादाचा भारी, उशिरा पिकणारा धान. त्याला दसऱ्याच्या सुमाराला, लोंबी बाहेर पडायच्या वेळेला, एक पाणी हवंच असतं. वरून आलं तर ठीक, नाही तर बोडीची पाळ फोडून द्यायचं. म्हणजे बोडी माझी होती आणि गरज त्याची होती. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी त्याच बांध्यांच्या चिखलात वाढलो.

पण माझं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं.

आमचं लग्न उशिरा झालं, आणि मूल त्याहून उशिरा. आधी दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. पहिल्यांदा आम्ही मोटरसायकलवर एका लग्नाला जाऊन आलो होतो, त्यानंतर काही दिवसांतच. दुसऱ्यांदा ऐन पावसाळ्यात. गावातल्या आमच्या गल्लीत चिखल, गाडी आत येईना, बायकोला खाटेवर घालून आम्ही रस्त्यापर्यंत नेलं. पुढचे दोन हात दादाचे होते, मागचे माझे. गोंदियाच्या डॉक्टरीणबाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "यात तुमचा कुणाचाच दोष नाही. असं होतं."

त्यांना मला धीर द्यायचा होता. पण मला त्याने धीर आला नाही. माझं मोटारपंपाचं दुकान आहे. मोटार सुरू होत नसेल तर काहीतरी कारण असतं. फ्यूज असतो, कंडेन्सर असतो, वाइंडिंग जळलेलं असतं. कारण सापडलं की ते दुरुस्त करता येतं. कारणच नाही म्हटलं तर माणसाने करायचं काय? म्हणून मी कारण शोधलं. आपली तयारी कमी पडली, हे ते कारण. मोटरसायकल, गल्ली, चिखल. हे सगळं बदलता येण्यासारखं होतं, आणि मला तेच हवं होतं.

मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं ते घोटलेलं मिश्रण, सोडला. आमच्याकडे हे ऐकून लोक हसतात, कारण खर्रा सोडणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. दुकानातला पंखा सोडला तर माझ्या तोंडाइतकं चालणारं काही नव्हतं, ते बंद झालं. मग मी गावाबाहेर, शेतात, डांबरी रस्त्याला लागून घर बांधलं. गाडी थेट पायरीपर्यंत यावी म्हणून. न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून खरखरीत फरशी, घराची स्वतःची बोअर, लाइट गेली तर इन्व्हर्टर. पाळणा टांगायला छताला कडी. बायको अजून गरोदर नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ती कडीकडे पाहून म्हणाली, "अजून काही नाही आन तुमी कडी ठोकून राहिले. नजर लागन." मी म्हणालो, स्लॅब पडताना कडी बसवली नाही तर नंतर भोक पाडावं लागतं.

वहिनी घर पाहायला आली तेव्हा खोल्या फिरून, नळ सोडून, बंद करून, शेवटी अंगणात येऊन म्हणाली, "भाऊजी, पोट्टं होऊन राहिलं का मंत्री येऊन राहिला?"

"आधी तयारी असलेली बरी, वहिनी."

"हो बाप्पा. मायी पोट्टी धानाच्या कापणीत झाली. धुऱ्यावर टाकली होती मिनं तिले, फडक्यावर. तयारी नव्हती ना."

आम्ही सगळे हसलो. बायकोही हसली. वहिनीने तेव्हाच सांगून टाकलं होतं की दिवस राहिले तर बाळंतपण ती करेल. बायकोचं माहेर नागऱ्याकडचं. आईवडील गेले, आता तिथे फक्त भाऊ आणि त्याचा संसार. त्यामुळे तिला वहिनीशिवाय तसं कुणी नव्हतं. माझ्या तयारीत वहिनी कुठेच नव्हती, कारण ती आहेच असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्यांदा दिवस राहिले ते माघात. सोनोग्राफीत ठोके ऐकून आलो त्या दिवसापासून माझी झोप गेली. आनंद झाला नाही असं नाही, पण तो एखाद्या सकाळपुरता असायचा. पुढचा सगळा दिवस मी घरातून फिरत काय राहिलं ते पाहत असे. आणि मागचं दार उघडलं की समोर बोडी दिसे.

आदल्या उन्हाळ्यात गावच्या मोठ्या तलावात एक लहान मुलगी बुडून गेली होती. तिची आई दोन हातांच्या अंतरावर कपडे पिळत होती. मी त्या वेळी तिथून जात होतो. हाक ऐकून धावलो, आणखी एकाबरोबर पाण्यात उतरलो. तिला वर आणलं तेव्हा तिचा फ्रॉक पाण्याने फुगलेला होता आणि आतलं अंग अगदी एवढंसं होतं. ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. पण मागच्या दारात उभा राहिलो की मला आमच्या बोडीच्या पाण्यावर तो फ्रॉक दिसायचा. त्यातलं मूल अजून जन्मलेलंही नव्हतं.

कुंपण घालावं हे सुचलं नाही असं नाही. पण कुंपण म्हणजे धोका तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर पहारा करायचा, असं मला वाटे. पहाऱ्यावरचं माणूस कपडे पिळायला वळतं. मला धोकाच नको होता. दादासाठी मी मनात सोय ठरवून टाकली होती. त्याच्या शेतात बोअर मारून द्यायची, मोटार माझ्या दुकानातली, पाइप माझे. बोडीपेक्षा ते बरंच, असं मी स्वतःला पटवलं. बोडी वर्षातून एकदा पाणी देते, बोअर बारमाही देईल. मी त्याचं नुकसान करत नव्हतो, फायदा करत होतो. हे सगळं मी त्याच्याशी न बोलता ठरवलं.

दादा आणि वहिनी बालाघाटकडे मुलीच्या सासरी लग्नाला जाणार होते. ते गेले त्याच सकाळी मी जेसीबी बोलावला. तारीख तशी जुळून आली असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. जुळून आली नव्हती. मी वाट पाहत होतो.

बोडीत तेव्हा तळाशी थोडंसं पाणी आणि काळा गाळ होता. मुरुमाच्या ट्रॉल्या येऊ लागल्या. जेसीबीवाला गोंदियाचा, हिंदी बोलणारा, तोंडात खर्रा.

"सेठ, इधर क्या बंगला बनेगा?"

"नहीं. बच्चा होनेवाला है."

त्याने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "बच्चे के लिए तालाब भर रहे? हमारे यहाँ तो बच्चे के नाम पे कुआँ खुदवाते हैं।" आणि हसत हसत त्याने दांडा ओढला.

बायको मागच्या दारात आली. तिने विचारलं, "दादाजीले सांगितलं का?" दादाजी म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा भासरा. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते, त्याच्याशी बोलत नाही. तोही तिच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं असेल तर 'सांगजो तिले' म्हणून मला किंवा वहिनीला सांगतो. इतक्या वर्षांत त्या दोघांत एक शब्द झालेला नव्हता. म्हणून तिला काही म्हणायचं असतं तरी ती म्हणू शकली नसती. बोलायचं ते मलाच.

"सांगतो," मी म्हणालो.

"कवा?"

मी ट्रॉलीवाल्याला मागे घे म्हणून हात केला.

दादा परत आला त्या दिवशी तो आधी घरी गेलाच नाही. पिशवी खांद्यावर, चपला हातात, तसाच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येऊन उभा राहिला. जिथे बोडी होती तिथे लाल सपाट जमीन होती, तिच्यावर टायरांचे पट्टे. त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "काऊन बे?"

मी सांगू लागलो. बाळ, मागचं दार, तलावावरची मुलगी. बोअर मारून देतो, मोटार माझी, बिलाचंही मीच पाहीन. मी भरभर बोलत होतो. तो ऐकत होता.

"जमिनीत काय आहे ते तुले दिसते का?" तो म्हणाला. "बोडीतलं तं दिसत होतं."

वहिनी मात्र माझ्या बाजूने बोलली. "जाऊ द्या ना. येनाऱ्यासाठी केलं त्यानं. कवाचं वाट पाहून राहिले बिचारे." ती मुरुमावरून चालत आली, माझ्या बायकोच्या पोटावर हात ठेवला आणि तिला आत घेऊन गेली. त्या दिवशी तिने माझी बाजू घेतली, हे मला अजून सहन होत नाही.

बोअर मारायला गाडी आली. दिवसभर ती जमीन फोडत राहिली आणि धूळ उडत राहिली. आधी पांढरी, मग राखाडी. संध्याकाळकडे धुळीत थोडा ओलावा दिसला. मी मोटार बसवली. ती सुरू होई, थोडं पाणी टाके आणि मग हवा ओढायला लागे. मोटारीचा तो कोरडा आवाज मला दुकानात बसूनही ओळखता येतो. दादा म्हणाला, "पावसाळ्यात भरन," आणि मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

पावसाळा चांगला झाला. रोवणी वेळेवर आटोपली. बांध्या हिरव्यागार झाल्या आणि मला वाटलं, सुटलो. पण गणपती गेले आणि पाऊसही गेला. रोज ढग यायचे, दुपारी पांगायचे. नवरात्र बसलं तेव्हा दादाचा धान गर्भात होता, म्हणजे लोंबी अजून पानांच्या आत, बाहेर पडायच्या बेतात. अशा वेळी बांधीत पाणी हवं. शेजारच्या शेतांतल्या बोड्या लोकांनी फोडल्या, पाट वाहू लागले. आमच्या पाटात पाचोळा होता.

दादाची बोअर काहीच देईना. मी दुकानातले सगळे पाइप काढले, जोडत जोडत माझ्या घरच्या बोअरपासून त्याच्या बांधीपर्यंत नेले आणि मोटार लावली. पाणी पडलं. भेगांमध्ये जाऊन ते दिसेनासं होई, पण पडत होतं. मी तिथेच बसून राहिलो. वरच्या कोपऱ्यातल्या बांध्या थोड्या ओल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी घरच्या नळाला पाणी येईना. बायकोला नववा महिना लागलेला. ती शेजाऱ्यांकडून कळशी आणायला निघाली होती, दादाने धुऱ्यावरून पाहिलं. तो सरळ येऊन मोटारीच्या पेटीपाशी गेला आणि त्याने बटण बंद केलं.

"चालू राहू दे, दादा. अजून खालच्या बांध्या..."

"बंद कर बे. घरात बाई भरल्या दिवसाची आहे. तिले पाणी नको का?"

"धान जाईल."

"मंग जाईन."

पाइप तो स्वतः गुंडाळू लागला. मी त्याच्या हातातून घ्यायला गेलो तर त्याने घेऊ दिले नाहीत. माझ्या ज्या बाळासाठी मी त्याचं पाणी बुजवलं, त्याच बाळासाठी त्याने उरलंसुरलं पाणी सोडून दिलं, आणि त्याला त्यात काही विशेष केलं असं वाटलं नाही.

धानाची लोंबी भरली की वाकते. दादाच्या बांधीतल्या लोंब्या बाहेर पडल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. पांढऱ्या. मी एक लोंबी तोडून बोटांत चुरली, नुसता कोंडा. दिवाळीत आजूबाजूची शेतं पिवळी होऊन झुकली होती, आणि मध्ये आमच्या दादाच्या बांध्या ताठ उभ्या होत्या.

मुलगी झाली ती त्यानंतर, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू असताना. माझी सगळी तयारी उपयोगी पडली. हे मला सांगितलंच पाहिजे. कळा अवेळी सुरू झाल्या तरी गाडी पायरीशी आली, रस्ता चांगला होता, आम्ही गोंदियाला वेळेत पोहोचलो. सिझर झालं. मुलगी धडधाकट, रडकी, डोक्यावर जावळ भरपूर. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. घरी आलो तेव्हा लाइट गेलेली होती आणि इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता.

पण घरात कुणी नव्हतं.

वहिनी पाचव्या दिवशी आली. पायांवर घेऊन तिने मुलीला असं तेल लावलं, असं न्हाऊ घातलं की मुलगी त्यानंतर दुपारभर झोपली. मग वहिनी पदर खोचत उठली. मी म्हणालो, "वहिनी, थांबा ना आता. खोली तयार आहे तुमच्यासाठी."

"कशी थांबू? कापणीले बोलावलं आहे मले लोकाईनं. आपला धान नाही तं लोकाचा कापा लागन. तांदूळ लागते ना घरात."

"रागावलात?"

"राग नाही, भाऊजी." ती चपला शोधत होती. "टाइम नाही."

ती रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण कापणीचे दिवस हातातून गेले तर तिच्या घरात वर्षभराचा तांदूळ येणार नव्हता, आणि तो न येण्याचं कारण मी होतो. ज्या बाईने माझी मुलगी वाढवायची तिला मी लोकांच्या बांधीत विळा घेऊन उभं केलं.

ते दिवस वाईट गेले. बायकोचे टाके ओले, तिला वाकता येईना. मला मुलीला धरता येईना. अंग साबणाने निसरडं झालं की मी तिला तशीच फडक्यात गुंडाळी. मुलगी रडे, तिच्याबरोबर तिची आई रडे. एकदा मी कुठल्याशा गोष्टीवर म्हणालो, सगळं तर केलं मी या घरात. ती पडल्या पडल्या म्हणाली, "हो ना. तुमचा तो इन्व्हर्टर पोरीले तेल लावते का? बोलवा त्याले."

त्या उन्हाळ्यात दादाने म्हशी विकल्या. तणस नव्हतं पुरेसं, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, आणि उन्हात म्हशींना डुंबायला जागा नव्हती. बाजाराच्या दिवशी सकाळी त्या माझ्या घरासमोरून गेल्या. जिथे बोडी होती तिथे येऊन पुढची म्हैस सवयीने वळली, मुरुमावर उभी राहिली, हुंगली. दादाने तिला काठी मारली नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून तो थांबला, आणि मग तिला रस्त्यावर घेतलं.

मी दुसऱ्याच दिवशी जेसीबीवाल्याला फोन केला. बोडी पुन्हा खणायची. तोच माणूस आला. "अब क्या हुआ सेठ? बच्चा नहीं हुआ?" "हुआ," मी म्हणालो, "खोदो।"

पावसाच्या आधी व्हायला हवं होतं म्हणून घाई केली. मशीनने मुरूम उपसला, आणि मुरूम कुठे संपतो, जुना गाळ कुठे सुरू होतो हे मला कळलं नाही. दादा धुऱ्यावर येऊन उभा राहिला तेव्हा बकेटमध्ये खालची पिवळी फुटकी माती येत होती. "थांबव," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तळ फोडला तुनं."

बोडी पाणी धरते ती पाळीमुळे नाही, तळामुळे. वर्षानुवर्षं म्हशी बसून बसून, लोळून, तुडवून तळाचा चिखल असा बसतो की त्यातून पाणी खाली जात नाही. ते मला आता माहीत झालं, म्हणजे दादाने तिथे उभ्या उभ्या सांगितलं. यंत्राने खोदलेला तो खड्डा मोठा दिसत होता, जुन्या बोडीपेक्षा खोल, काठ भिंतीसारखे सरळ. ढाळ नंतर देऊ म्हणालो. पाऊस लागला, खड्डा काठोकाठ भरला, आणि उघडीप पडली की पाणी रोज खाली खाली जाऊ लागलं. दादाच्या धानाला पुरेल इतकं ते कधीच उरणार नव्हतं. लहान मूल बुडेल इतकं मात्र नेहमी उरत होतं. जुन्या बोडीत काठावरून पाऊल टाकलं तर घोटा भिजायचा. या खड्ड्यात पाऊल टाकलं तर परत येण्याचा रस्ता नव्हता. मी बांबू आणि जाळी आणून कुंपण घातलं. ज्या पहाऱ्यावर माझा विश्वास नव्हता तोच आता मी करत होतो.

मुलगी रांगू लागली. नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी मी दुकानात होतो. बायको चुलीपाशी, मागचं दार ओढलेलं, कडी नाही. कुंपणाची जाळी पावसाने एका जागी खाली बसली होती. मला ते दिसलं होतं आणि रविवारी करू म्हणून मी सोडलं होतं. दादा खालच्या बांधीत होता. या वर्षी वरून पाऊस येत होता म्हणून धान होता.

दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा बायको मुलीला मांडीवर घट्ट धरून बसली होती, स्वयंपाक तसाच. ती म्हणाली, "दादाजी बोलले माझ्याशी."

मला आधी कळलंच नाही.

"कढई उतरवून राहिली होती मी. आवाज आला, 'ए बाई! पोट्टी! पाण्यापाशी पोट्टी!' मी म्हटलं, कोण ओरडून राहिला. बाहेर आली तं पोरगी कडेले बसून होती, माती खात. पाय खाली लोंबून राहिले होते तिचे." ती थांबली. "मी उचललं. पदर नव्हता डोक्यावर. दादाजी धावत येऊन अर्ध्यावर थांबले. पोरगी हातात दिसली तशी खाली मान घातली आन पाठ फिरवून चालले गेले."

मी हात धुतले, मुलीला घेतलं. तिच्या तोंडाच्या कडेला अजून पिवळी माती होती. तळाखालची.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मागून फावड्याचा आवाज आला. दादा माझ्या मागच्या दाराकडचा काठ कापत होता. स्वतःच्या शेताकडचा नाही, माझ्या दाराकडचा. माती ओढून आत टाकत तो उतार करत होता. मी दुसरं फावडं घेऊन गेलो.

"तू जा दुकानात," तो म्हणाला.

मी कापू लागलो. काठ अर्धा उतरता झाला. मग मी विचारलं, "पाणी धरेल का ही पुन्हा?"

"म्हशी बसल्या पाह्यजेत. पाच-सात वर्षं तुडवलं त्याईनं तं धरन."

"म्हशी घेऊ. मी घेतो."

"खातीन काय? भारी धान झाला तं तणस. बोडीत पाणी राहिलं तं भारी धान." त्याने फावडं टेकवलं. "आन म्हशी बसल्या तं बोडीत पाणी. आता कुठून सुरू करतं, सांग."

मी फावडं उचललं आणि काठ कापू लागलो.

दादाने ढाळ पुरा केला आणि तो पुन्हा दाराशी आला नाही. वहिनी यंदा घरचा धान कापते आहे; येता-जाता कधी आली तर मुलीला पायांवर घेते, थोडा वेळ, आणि उठते. माझी मुलगी आता भिंत धरून उभी राहते. चालेल लवकरच.

मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या खड्ड्यात उतरतो. पाणी आता गुडघ्याखाली आलं आहे. पँट वर करून मी चिखल तुडवतो, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, परत मागे. रस्त्यावरून जाणारे बघतात. एकदा दादा धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. म्हणाला, "माणसाच्या पायानं धरत नाही बे ते."

"माहीत आहे," मी म्हणालो.

वर मागच्या दारात बायको मुलीला कडेवर घेऊन उभी असते. मी आत असेपर्यंत ती मुलीला खाली ठेवत नाही. मुलगी माझ्याकडे बघून हात हलवते, तिलाही यायचं असतं. पाणी आदल्या दिवशीपेक्षा थोडं खाली गेलेलं असतं. मी तुडवत राहतो.